गिऱ्हाईकाला आधी काय विचारशील?

दहावीचा शेवटचा पेपर ते अकरावीचा पहिला तास, हा काळ मला फार मोलाचा वाटतो. मार्चमध्ये परीक्षा संपते, मेमध्ये निकाल लागतो, मग ऑनलाइन प्रवेशाच्या एकामागून एक फेऱ्या, आणि वर्ग भरेपर्यंत गोदावरीला पहिलं गढूळ पाणी येऊन गेलेलं असतं. इतकी सलग मोकळीक पोरांना पुढे कधी मिळेल, सांगता येत नाही. यंदा माझ्या भाच्यानं ठरवलं की या सुट्टीत सायकलच्या दुकानात काम करायचं. आमच्या नाशिकला गंगापूर रोडवर एक दुकान आहे. तिथं तो स्वतःच्या सायकलचे ब्रेक शू, केबल असलं काहीबाही आणायला जायचा. सुट्टीत मदतीला कुणीतरी हवंय असं तिथल्या मेकॅनिककाकांच्या बोलण्यात आलं. यानं सरळ मालकांना विचारलं. ते म्हणाले, रविवारी सकाळी येऊन भेट, बोलू.

घरी सांगितल्यावर ताई आधी गप्प बसली आणि मग तिनं मला फोन केला. "अगं, आपल्याला काय कमी आहे का? दुकानात उभं राहायला पाठवायचं का त्याला? सोसायटीतले काय म्हणतील?" दाजींचं म्हणणं एवढंच होतं की जाऊ दे, पण सकाळचा फाउंडेशनचा, म्हणजे अकरावीआधीच्या तयारीचा, क्लास बुडता कामा नये. मी दोघांचंही ऐकून घेतलं आणि भाच्याला निरोप दिला: ये माझ्याकडे, तयारी करू.

हे काम माझ्याकडे आलं त्याला कारण आहे. मी नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरी करते. आमच्याकडे दरवर्षी आयटीआयची मुलं-मुली शिकाऊ म्हणून येतात आणि त्यांची निवड करणाऱ्यांत मी असते. टेबलाच्या अलीकडे बसून सतरा-अठरा वर्षांची पोरं मी बरीच वर्षं बघते आहे. हुशार असतात, हाताला चांगली असतात. पण येताना उत्तरं पाठ करून येतात आणि ती उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. हार्ड वर्क ही माझी स्ट्रेंथ आहे, मी टीम प्लेअर आहे. सगळं विचारून झालं की शेवटी मी म्हणते, "तुला काही विचारायचंय का?" जवळजवळ सगळे म्हणतात, "नाही मॅडम." या 'नाही मॅडम'चं मला फार वाईट वाटतं. उद्या हाच पोरगा मशीनजवळ उभा राहील, काही अडेल, आणि विचारायला लाजेल. ज्यानं विचारलं, "मॅडम, मशीनचा आवाज बदलला तर आधी कुणाला सांगायचं?" त्याच्या नावापुढे मी लगेच खूण करते. त्याच्या डोळ्यांपुढे काम उभं राहिलेलं असतं, हे मला कळतं.

भाचा माझ्याकडे आला तो एक कागद घेऊनच. कुठल्यातरी व्हिडिओतून उतरवलेला इंग्रजी परिच्छेद होता: माझं नाव अमुक, माझे छंद अमुक, पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे बघतो. हा पोरगा मुळात कमी बोलणारा. पाहुणे आले की नमस्कार करून आत जाणारा. त्यामुळे तोंडपाठ असलेलं काहीतरी बरोबर असलं की त्याला धीर येत असणार, हे मला समजत होतं. मी कागद बाजूला ठेवायला सांगितला. ते मालक सिडकोत राहणाऱ्या पोराशी मराठीतच बोलणार. आणि पाच वर्षांनी कुठे असशील यापेक्षा शनिवारी संध्याकाळी गर्दी असताना तू दुकानात कुठे उभा असशील, हे त्यांना कळायला हवं.

मग मी गिऱ्हाईक झाले.

"दादा, मुलाला सायकल घ्यायची आहे. दाखवा."

त्यानं लगेच सुरुवात केली. एकवीस गिअरची आहे, पुढे सस्पेन्शन आहे, डिस्क ब्रेक आहेत. सगळं बरोबर होतं आणि तो उत्साहानं सांगत होता. गिअरवर आला की हा मुलगा बोलका होतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी थांबवलं. "माझा मुलगा केवढा आहे, हे तुला माहीत आहे का?"

तिथून आमची खरी तयारी सुरू झाली. सायकल विकणाऱ्याला काय काय विचारता आलं पाहिजे, हे आम्ही दोघांनी मिळून काढलं. चालवणार कोण? उंची किती? नुसतं वय विचारून भागत नाही, एकाच वर्गातल्या दोन पोरांत वीतभर फरक असतो. चालवणार कुठे: सोसायटीच्या आवारात, शाळेला, की पहाटे गंगापूर धरणापर्यंत? राहता कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, सायकल रात्री कुठे ठेवणार? हा शेवटचा प्रश्न भाच्याचा स्वतःचा, आणि तो ऐकून मला आनंद झाला. त्याच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला उन्हापावसात पडून गंजलेल्या सायकलींची रांगच आहे. त्या प्रत्येकीसाठी कुणीतरी हौसेनं पैसे मोजले होते. घेताना कुणी हा प्रश्न विचारला असता, तर त्यातल्या निम्म्या तरी वेगळ्या निवडल्या गेल्या असत्या.

आपल्याकडे आईवडील लहान मुलांना कपडे घेतात तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतात. पैसे वाचवायचे म्हणून घेतात, त्यात दोष देण्यासारखं काही नाही. पण शर्ट ढगळ असला तर काही बिघडत नाही. सायकल मोठी असली तर पोराची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत पोचत नाहीत आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं की दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर यायला हवेत आणि दांडी अंगाला लागता कामा नये. सीटची उंची बघायची तर टाच पेडलवर ठेवायची, पेडल सगळ्यात खाली न्यायचं. पाय सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना पंजा पेडलवर येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा हलका वाक राहतो. हे भाच्याला येत होतं, पण समोरच्या बाईला समजेल असं सांगता येत नव्हतं. ते आम्ही घोटलं. मी हट्टी आई झाले, "नाही हो दादा, पुढच्या वर्षी उंच होईल तो." यावर "तुमचं चुकतंय" म्हणायचं नाही. मुलाला सायकलवर बसवायचं आणि आईला म्हणायचं, "काकू, त्याला एकदा ब्रेक दाबायला सांगा." पुढचं आईला आपोआप दिसतं.

किमतीचंही आम्ही बघितलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाईक विचारणारच, कर कमी झाला तर भावात कुठे दिसतोय? मी म्हटलं, उत्तर मनानं द्यायचं नाही. बिल कसं होतं, जुना भाव काय होता, हे मालकांना विचारून घे आणि मग बोल. बॅटरीच्या सायकलींचंही तसंच. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर त्या सायकलीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. यातलं एक जरी ओलांडलं तरी गोष्ट वेगळी होते. पोराच्या हाती गाडी देणाऱ्या बापाला हे नीट सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे असं मी मानते, आणि भाच्याला तसंच सांगितलं.

नाशिकमध्ये सायकलच्या दुकानात उभं राहायचं म्हणजे दोन अगदी वेगळ्या माणसांशी एकाच तासात बोलायचं. या गावाला सायकलचं वेड आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचं सुमारे ४८०० किलोमीटरचं अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापलं. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. दोन वर्षांनी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं पूर्ण केली. आषाढीच्या आधी नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी निघते, तीत डॉक्टर असतात, शिक्षक असतात, पोलीस असतात, साठी ओलांडलेल्या बायका असतात. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला उभं राहिलं तर अंजनेरीच्या दिशेनं जाणारे जर्सी घातलेले जथे दिसतात. त्यांच्या सायकलींची किंमत ऐकून ताईला घेरी येईल. या लोकांना टायरमध्ये हवा किती पौंड आहे ते विचारायचं असतं, त्यांचा व्हॉल्व्ह बारीक तोंडाचा असतो, त्याला साधा पंप बसत नाही.

आणि त्याच दुकानात सातपूरला कामाला जाणारा वॉचमन येतो. काळी दणकट सायकल, मागे कॅरिअर, चेनकव्हर वाजतंय. चाकाचा आऊट काढून द्या, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करून द्या म्हणतो, आणि किती होतील ते आधी विचारतो. त्याची सायकल बंद राहिली तर रिक्षाचं भाडं जातं किंवा खाडा पडतो. जर्सीवाल्याची बंद राहिली तर त्याचा एक रविवार जातो. मी भाच्याला विचारलं, दोघे एकदम आले तर आधी कुणाकडे जाशील? तो बराच वेळ विचार करत राहिला. म्हणाला, "जो आधी आला त्याच्याकडे. पण दुसऱ्याला सांगीन, पाणी प्या, आलोच." मला या उत्तराहून चांगलं उत्तर सुचलं नाही. मालकांनी विचारलं तर हेच सांग म्हटलं.

हाताच्या कामात माझी त्याला काही मदत व्हायची गरज नव्हती. पंक्चर तो नववीपासून घरीच काढतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवून बुडबुडा कुठे येतो बघणं, घासून सोल्यूशन लावणं, ते वाळेपर्यंत धीर धरणं, आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बाभळीचा काटा शोधणं. ही शेवटची गोष्ट घाईत राहते आणि मग दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक परत येतं. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, उजवीकडचं सरळ, हेही त्यानंच मला समजावून सांगितलं. पेडल मारता मारता ते आपोआप सैल होऊन निघू नये म्हणून तशी रचना असते. मी इतकी वर्षं आटे, बोल्ट आणि पान्ह्यांमध्ये वावरते, तरी त्याच्या तोंडून ते ऐकताना मजा आली. डिस्क ब्रेकचं तेल बदलणं आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, पूर्ण खोलणं त्याला येत नाही. त्याची भीती होती की हे विचारलं तर काय करायचं. मी म्हटलं, "येत नाही, काकांजवळ बसून शिकीन," एवढंच सांगायचं. निवड करणाऱ्यांना येत नसल्याचा राग येत नाही. येतं म्हणून सांगून एखाद्याचे ब्रेक बिघडवणारा मात्र कुणालाच परवडत नाही.

ताईची समजूत काढणं हा वेगळा विषय. तिला मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण करून दिली. मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे लक्ष्मणराव आणि त्यांचे भाऊ रामुअण्णा यांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान काढलं. तिथून पुढे कडबा कापण्याचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. दुकानातून कारखाना निघतोच असं माझं म्हणणं नाही आणि भाच्यानं कारखाना काढावा अशी माझी अपेक्षाही नाही. पण दुकानात उभं राहणं कमीपणाचं आहे, ही समजूत आपल्या घरात कुठून आली? आमचे आजोबा रविवार कारंजाला दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहायचे. त्या पगारावर पाच मुलं शिकली. ताई म्हणाली, "ते दिवस वेगळे होते." दिवस वेगळे होते हे खरं. पण सोळा वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसाशी नीट बोलता येणं, दिलेल्या वेळेला पोचणं, दुसऱ्याचे पैसे मोजून घेणं आणि मोजून परत करणं, हे कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत, आणि मला ते फाउंडेशनइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तिच्या एका काळजीत मात्र तथ्य होतं: पोराला राबवून घेतील का? यावर कायदा स्पष्ट आहे आणि तो आईबापांना माहीत असायला हवा. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवता येत नाही. १४ ते १८ मधल्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. बाकीची चालतात, पण अटींवर. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तासच. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात काम नाही, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुट्टी. उन्हाळ्यात सायकलच्या दुकानातली खरी गर्दी ऊन उतरल्यावर होते, म्हणजे मालकांना तो नेमका संध्याकाळी हवा असणार. तेव्हा हा विषय भाच्यानंच काढायचा असं आम्ही ठरवलं. "काका, मी सोळाचा आहे, मला सातच्या आत निघावं लागेल. तुम्हाला चालेल का?" त्याला हे बोलणं जड जात होतं. मोठ्या माणसाला अट कशी सांगायची? मी म्हटलं, तू त्यांना अडचणीत येण्यापासून वाचवतो आहेस, असं समजून बोल.

पैशांचा प्रश्न त्याहून जड. "पैसे किती देणार" हे विचारणं आपल्याकडे उद्धटपणा समजतात, विशेषतः पोरांच्या तोंडी. मला हे अजिबात पटत नाही. कामाचा मोबदला आधी ठरावा, कुठल्या तारखेला मिळेल ते ठरावं, आणि शक्यतो बँकेत जमा व्हावा. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, भाच्याचं खातं आहेच. आणखी एक विचार म्हटलं: माझ्या हातून काही मोडलं तर काय? याचं उत्तर मालक कसं देतात त्यावरून दुकान कसं आहे ते कळेल. निवड दोन्ही बाजूंनी होत असते, तोही त्यांना बघायला चाललाय.

रविवारी तो एकटा गेला. सोबत येऊ का असं दाजींनी विचारलं होतं, मी नको म्हटलं. कपडे धुतलेले साधे, बूट बंद, नखं कापलेली, आणि सायकल स्वच्छ पुसलेली, चेनला तेल दिलेलं. सायकलच्या दुकानात स्वतःच्या सायकलवरून जाणाऱ्याचा अर्धा परिचय दारातच होतो.

मालकांनी आम्ही तयार केलेल्यातलं जवळजवळ काहीच विचारलं नाही. त्यांनी एकच गोष्ट काढली. "गिऱ्हाईक म्हणालं, हीच सायकल ऑनलाइन पाचशेनं स्वस्त आहे. काय करशील?" हा म्हणे थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती जोडून कोण देणार आहे, हे मी त्यांना विचारीन." ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पेडल, सीट बसवायचं असतं आणि ब्रेक, गिअर लावून घ्यायचे असतात. मालकांनी पुढे विचारलं, "आणि तो म्हणाला, मीच जोडतो?" भाचा म्हणाला, "मग पान्हे आहेत का विचारीन. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. तुम्ही काय सांगता, काका?" मालक मग पाऊण तास बोलत होते. कुणी उलट्या बाजूनं बसवलेला पुढच्या चाकाचा चिमटा, कुणी जोर लावून आटे खाल्लेलं डावं पेडल, असली खोक्यातून निघालेली सगळी प्रकरणं त्यांनी याला आत नेऊन दाखवली.

सातच्या अटीवर ते जरा थबकले. त्यांना साडेआठपर्यंत मुलगा हवा होता. शेवटी ठरलं ते असं: सकाळी ११ ते २, मग तासभर जेवण, मग ३ ते ५. सकाळचा क्लास सुटल्यावर त्रिमूर्ती चौकातून निघून मायको सर्कलवरून तो वेळेत पोचतो. सोमवारी सुट्टी. पहिले काही दिवस मेकॅनिककाकांच्या हाताखाली खोकी उघडून सायकली जोडायच्या, नंतर काउंटर. मोडतोडीबद्दल मालक म्हणाले, "सांगितलंस तर काही नाही, लपवलंस तर घरी." मला हे उत्तर आवडलं.

पैशांचं मात्र "बघू, काम बघून ठरवू" असं झालं, आणि हा तिथं गप्प बसून परत आला. ताईला ते पुरेसं वाटलं. मला वाटलं नाही. मी त्याला म्हटलं, पहिल्या दिवशी कामाला हात लावण्याआधी विचार, दुसऱ्या कुणाकडून विचारवून घेऊ नकोस. त्यानं विचारलं. मालकांनी आकडा सांगितला आणि महिन्याच्या पाच तारखेला खात्यात टाकतो म्हणाले. आकडा ताईला कमी वाटला, दाजींना बरा वाटला. त्याला स्वतःला काय वाटतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "आत्ता ठीक आहे. महिन्यानं मला गिअर लावता यायला लागले की परत विचारीन."